कुठवर आलो, हे कोणी लक्षात ठेवायचे?

बुलढाणा जिल्ह्यात १३ तालुके आहेत. ते सगळे सांगण्यासाठी वर्गातील तीन विद्यार्थ्यांना उभे केले, तर तिघांचा क्रम बहुधा वेगळा निघेल. एक जण वर्णमालेप्रमाणे जाईल : खामगाव, चिखली, जळगाव जामोद, देऊळगाव राजा असे करत सिंदखेड राजापर्यंत. दुसरा या भागात रूढ असलेल्या पद्धतीने आधी घाटावरचे सहा घेईल, म्हणजे बुलढाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, मेहकर आणि लोणार. मग अजिंठ्याच्या डोंगररांगेवरून खाली उतरून मोताळा, मलकापूर, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हे घाटाखालचे सात. तिसरा रेल्वेने ये-जा करणाऱ्या घरातला असेल, तर मलकापूर, नांदुरा, शेगाव अशी सुरुवात करील आणि उरलेले आठवत बसेल. जिल्हा मात्र तोच. तालुके कोणत्या क्रमाने घ्यायचे आणि घेता घेता कुठवर आलो, हे जिल्ह्यावर लिहिलेले नसते. ते घेणाऱ्याजवळ असते.

इतकी उघड गोष्ट मुद्दाम सांगायची गरज काय, असे वाटेल. पण संगणकाची आज्ञावली, म्हणजे प्रोग्रॅम, लिहायला नुकतेच शिकलेले विद्यार्थी नेमकी हीच गोष्ट विसरतात. ज्या चुका त्यातून होतात त्या संगणक दाखवूनही देत नाही. आज्ञावली मुकाट्याने चालते, उत्तर देते, आणि उत्तर चुकीचे असते. म्हणून या लेखात एका छोट्या पण महत्त्वाच्या कल्पनेचा परिचय करून घेऊ. तिला इटरेटर म्हणतात. ‘फेरीवाला’ हा शब्द तिला चपखल बसला असता, परंतु तो भाजीच्या गाडीने आधीच पटकावला आहे. आम्ही इटरेटर हाच शब्द ठेवतो आणि इटरेटर जे करतो त्याला फेरी म्हणतो.

वस्तुकेंद्री आज्ञावलीलेखनात आपण आपल्याला हवे ते वर्ग बनवू शकतो. येथे वर्ग म्हणजे इयत्ता नव्हे. एका जातीच्या वस्तूंजवळ कोणती माहिती असेल आणि त्या कोणती कामे करतील, याचा आराखडा म्हणजे वर्ग. समजा, एका विद्यार्थ्याने ‘जिल्हा’ नावाचा वर्ग लिहिला. त्याच्या पोटात तालुक्यांचा संग्रह आहे. तो संग्रह आत कसा ठेवला आहे, हे बाहेरच्याला कळू नये, असा या पद्धतीचा दंडक आहे. आज तो साध्या यादीत असेल, उद्या शोधाशोध लवकर व्हावी म्हणून झाडासारख्या रचनेत ठेवावासा वाटेल. बाहेरची आज्ञावली त्यामुळे मोडता कामा नये. पण बाहेरच्याला एकेक तालुका तर हवाच आहे. मग तो द्यायचा कसा?

पहिला उपाय सुचतो तो आळशीपणाचा : आतली यादीच उचलून बाहेर देऊन टाकायची. हे म्हणजे शाळेचे मूळ जनरल रजिस्टर पाहायला मागणाऱ्याच्या हाती घरी न्यायला देण्यासारखे आहे. तो त्यात खाडाखोड करणार नाही, याची हमी नाही. शिवाय यादी बाहेर गेली की ती ‘यादी’ आहे हे जगजाहीर झाले. नंतर रचना बदलायची सोय उरली नाही.

दुसरा उपाय बराच शहाणपणाचा दिसतो. जिल्ह्यालाच दोन कामे शिकवायची : ‘पहिला’ आणि ‘पुढचा’. आतमध्ये एक बोट ठेवायचे. ‘पहिला’ म्हटले की बोट सुरुवातीला जाते, ‘पुढचा’ म्हटले की एक घर सरकते. एकच फेरी मारायची असेल तोवर हे उत्तम चालते. आता या जिल्ह्यातील तालुक्यांच्या गावांमधील अंतरांचा तक्ता करायला घ्या. १३ ओळी, १३ स्तंभ, एकूण १६९ चौकटी. बाहेरची फेरी ओळीचा तालुका घेते, आणि त्या प्रत्येकासाठी आतली फेरी स्तंभाचे तालुके घेते. बाहेरच्या फेरीने पहिला तालुका घेतला. आतल्या फेरीने ‘पहिला’ म्हणून बोट सुरुवातीला नेले आणि सरकवत सरकवत शेवटापर्यंत आणले. १३ चौकटी भरल्या. आता बाहेरची फेरी म्हणते, ‘पुढचा’. पण बोट तर शेवटाला पोचले आहे! बोट एकच, आणि ते दोघींचे. बाहेरच्या फेरीला वाटते, तालुके संपले. १६९ पैकी १३ चौकटी भरलेला तक्ता हाती येतो. कोणतीही चूक नोंदवली जात नाही.

यावर उपाय आपल्या शिक्षकांना अनुभवाने माहीत आहे, कारण त्यांतील पुष्कळांनी जनगणनेचे काम केलेले असते.

गाव आणि प्रगणक

जनगणनेत प्रत्येक प्रगणकाला ठरावीक वस्तीचा एक गट नेमून देतात. तो त्या भागाचा नकाशा काढतो, इमारतींना व घरांना क्रमांक घालतो आणि घरोघर जातो. आपण कितव्या घरापर्यंत आलो, हे त्याच्या वहीत असते. गावाला त्याचा पत्ता नसतो. त्यामुळे त्याच दिवशी त्याच गावात पोलिओचा डोस देणारी आरोग्यसेविका फिरत असली, तरी दोघांच्या फेऱ्या एकमेकींत अडकत नाहीत. ती वीस घरे पुढे असेल, तो मागे असेल. गाव एकच, वह्या दोन.

इटरेटर म्हणजे हाच प्रगणक. संग्रह एक वस्तू आणि त्यावर फिरणारा दुसरी वस्तू, असे दोन वेगळे वर्ग करायचे. संग्रहाने एवढेच करायचे : कोणी मागितले की नवा प्रगणक, नवी कोरी वही देऊन, कामाला लावायचा. आज्ञा मराठीत लिहिल्या, तर त्या साधारण अशा दिसतील.

वर्ग जिल्हा :
  तालुके = (यादी)
  फेरी( ) :
    नवी तालुकाफेरी बनव, तिला हा जिल्हा दे, ती परत कर

वर्ग तालुकाफेरी :
  जिल्हा = (दिलेला)
  जागा = ०
  पुढचा( ) :
    जागा तालुक्यांच्या संख्येइतकी झाली असेल तर ‘संपले’ कळव
    उत्तर = जिल्ह्याच्या यादीतील ‘जागा’ क्रमांकाचा तालुका
    जागा = जागा + १
    उत्तर परत कर

जागा शून्यापासून सुरू झाली आहे, कारण बहुतेक संगणकभाषा यादीतील पहिल्या घराला शून्य क्रमांक देतात. १३ तालुक्यांच्या जागा ० ते १२. जागा १३ झाली की काम संपले.

आता अंतरांचा तक्ता पुन्हा करून पाहा. बाहेरची फेरी एक, आतली प्रत्येक वेळी नवी, प्रत्येकीची ‘जागा’ स्वतंत्र. १६९ चौकटी भरतात. यादीऐवजी झाड वापरायचे ठरले, तर फक्त तालुकाफेरीच्या आतल्या ओळी बदलतील. तक्ता करणाऱ्याला त्याची वार्ताही लागणार नाही.

येथे एक इशारा. पायथन भाषेत फेरी मागितल्यावर संग्रहाने स्वतःलाच परत करायचे आणि ‘पुढचा’ हे कामही स्वतःच करायचे, असे लिहिता येते. पाच-सहा ओळी वाचतात. नवशिके हमखास असे करतात, आणि कित्येक शिकवणी-पुस्तकांतही असे उदाहरण सापडते. पण हे म्हणजे बोट पुन्हा संग्रहाच्या आत नेऊन ठेवणे झाले. तक्त्यातल्या १३ चौकटी पुन्हा परत येणार. विद्यार्थ्याने आपला संग्रहवर्ग दाखवायला आणला की आम्ही त्यावर सर्वांत आधी एकात एक दोन फेऱ्या लावून पाहतो. बाकीची तपासणी नंतर.

‘संपले’ कसे कळवायचे

वरच्या आज्ञांत ‘संपले’ कळव, असे आम्ही मोघम लिहिले. या एका शब्दावर निरनिराळ्या भाषांची मते निरनिराळी आहेत. जावामध्ये दोन वेगळी कामे आहेत : ‘आणखी आहे का?’ असे विचारायचे आणि होकार आला तर ‘पुढचा’ मागायचा. पायथनमध्ये सरळ पुढचा मागायचा. नसेल तर एक ठरावीक अपवाद उभा राहतो आणि फेरी थांबते. सी प्लस प्लसमध्ये शेवटच्या घराच्या पलीकडे एक काल्पनिक खुंटी मानतात आणि आपण त्या खुंटीशी पोचलो का, हे दर पावलाला ताडून पाहतात.

या तिन्ही रीती चांगल्या आहेत. वाईट आहे ती चौथी : संपल्यावर रिकामे मूल्य किंवा शून्य परत करणे. पर्जन्यमापकाच्या रोजच्या नोंदींवर फेरी मारत असाल आणि शून्य म्हणजे ‘संपले’ असे ठरवले असेल, तर पहिला कोरडा दिवस येताच पावसाळा संपेल. संग्रहात जे मूल्य खरोखर असू शकते ते शेवटाची खूण म्हणून वापरू नये.

जावाच्या रीतीत एक बारकावा आहे. ‘आहे का?’ हा नुसता प्रश्न आहे. तो दहा वेळा विचारला तरी फेरी जागची हलता कामा नये. आपल्या तालुकाफेरीत हे सोपे आहे, दोन आकडे ताडले की झाले. पण समजा, फक्त घाटाखालचे तालुके देणारी फेरी लिहायची आहे. आणखी एखादा घाटाखालचा तालुका उरला आहे का, हे पुढे जाऊन पाहिल्याखेरीज कळणार कसे? आणि पुढे जायचे तर नाही! अशा वेळी इटरेटरने एक पाऊल पुढे जाऊन सापडलेला तालुका हातात धरून ठेवायचा. हातात काही असेल तर ‘आहे’ म्हणायचे, आणि ‘पुढचा’ मागितला की हातातला देऊन हात मोकळा करायचा. ही युक्ती स्वतः शोधून काढायला विद्यार्थ्यांना अर्धा-पाऊण तास लागतो. तो त्यांना अवश्य द्यावा.

काही संग्रहांना शेवटच नसतो. लोणारच्या सरोवराची कडा घ्या. उल्कापाताने झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आणि जवळजवळ गोल आहे. कडेवर दगड मांडून प्रत्येक दगडाला फक्त ‘तुझ्या पुढचा कोण’ एवढेच ठाऊक असेल, तर फेरी मारणाऱ्याने कुठे थांबायचे? कोठून निघालो तो दगड त्याने लक्षात ठेवायचा आणि तो पुन्हा आला की थांबायचे. चक्राकार संग्रहाचा इटरेटर असाच लिहितात. मात्र फेरी चालू असताना कोणी नेमका तोच सुरुवातीचा दगड काढून नेला, तर आपला प्रवासी आयुष्यभर लोणारला प्रदक्षिणा घालत राहील. हा विनोद नाही. असे कार्यक्रम लटकलेले आम्ही पाहिले आहेत. आणि त्यातूनच या विषयातील सर्वांत अवघड प्रश्न समोर येतो.

मोजणी चालू असताना गाव बदलले तर?

शिष्यवृत्तीच्या अर्जांची एक प्रलंबित यादी आहे : अनिता, बबन, चंदा, दत्ता, एकनाथ. एकेक नाव घ्यायचे, कागद पूर्ण असतील तर ते नाव प्रलंबित यादीतून काढून मंजूर यादीत टाकायचे. समजा पाचही जणांचे कागद पूर्ण आहेत. पहिल्या जागेवर अनिता, काढली. यादी वर सरकली आणि बबन पहिल्या जागी आला. फेरी मात्र दुसऱ्या जागेकडे गेली. तेथे आता चंदा आहे. तिला काढले. यादी पुन्हा सरकली. उरले बबन, दत्ता, एकनाथ. फेरी तिसऱ्या जागी, एकनाथ. त्यालाही काढले. यादी संपली. बबन आणि दत्ता सगळे कागद देऊनही प्रलंबितच राहिले, आणि त्यांचे कागद कोणी पाहिलेसुद्धा नाहीत. पायथनच्या साध्या यादीवर हे अगदी असेच घडते आणि एका शब्दाचीही तक्रार येत नाही. शाळेच्या संगणकावर विद्यार्थ्यांना हे पाच नावांनी करून दाखवावे. छापील पानावर वाचण्यापेक्षा बबन वगळला जाताना पाहणे अधिक परिणाम करते.

जावा येथे कडक आहे. तिच्या नेहमीच्या याद्या आपल्यात किती वेळा भर किंवा घट झाली, याचा आकडा ठेवतात. इटरेटर निघताना तो आकडा टिपून घेतो, आणि पुढचे नाव देण्याआधी ताडून पाहतो. जुळला नाही तर तो काम बंद पाडतो : माझ्या पाठीमागे यादी बदलली, आता मी दिलेल्या उत्तरावर विश्वास ठेवू नका. चुकीचे उत्तर देण्यापेक्षा थांबणे बरे, हे धोरण आम्हाला पटते. मात्र ते अभेद्य नाही. वरच्या पाच नावांतून फक्त दत्ताचे, म्हणजे शेवटून दुसरे नाव काढले, तर यादीत चार नावे उरतात, इटरेटरही चार पावले चाललेला असतो, आणि ‘आहे का?’ याचे उत्तर ‘नाही’ असे येते. आकडा ताडून पाहण्याची वेळच येत नाही. एकनाथ गुपचूप राहून जातो.

खरा उपाय काय, हे पाहण्यासाठी पुन्हा जनगणनेकडे वळू. कारण माणसांचे गाव हा फेरी चालू असताना बदलणाऱ्या संग्रहाचा सर्वांत मोठा नमुना आहे. मोजणी चालू असताना मुले जन्मतात, माणसे मरतात, कुटुंबे कामासाठी बाहेरगावी जातात.

इंग्रजी अमदानीत, १८८१ पासून १९३१ पर्यंतच्या जनगणनांत, एका ठरावीक रात्री सगळ्यांची मोजणी करायचे धोरण होते. काही आठवडे आधी प्राथमिक नोंदी करून ठेवत आणि त्या रात्री प्रगणक घरोघर जाऊन त्या दुरुस्त करत. संगणकाच्या भाषेत याला संग्रहाला कुलूप लावणे म्हणता येईल : फेरी होईपर्यंत कोणी हलायचे नाही. उत्तर चोख येते. पण एका रात्रीसाठी प्रगणकांची प्रचंड फौज लागते आणि सगळा व्यवहार अडतो. १९४१ पासून ही एकरात्रीची पद्धत सोडून दिली.

२०११ च्या जनगणनेत मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी अशी वीस दिवस चालली. परंतु लोकसंख्या सांगायची ती एका क्षणाची, १ मार्च २०११ च्या शून्य तासाची. बेघर लोकांची नोंद २८ फेब्रुवारीच्या रात्री केली गेली. नंतर १ ते ५ मार्च या दिवसांत प्रगणकांनी दुसरी फेरी मारली. आपण येऊन गेल्यानंतर आणि त्या मध्यरात्रीपूर्वी घरात मूल जन्मले असेल तर ते वाढवायचे, कोणी वारले असेल तर ते नाव कमी करायचे. मध्यरात्रीनंतर जन्मलेले मूल धरायचे नाही. बुलढाणा जिल्ह्याचा २५,८६,२५८ हा त्या जनगणनेचा आकडा या दोन फेऱ्यांमधून आलेला आहे. २०२१ ची जनगणना कोविडच्या साथीमुळे लांबली. जून २०२५ मध्ये केंद्र सरकारने जी अधिसूचना काढली तिच्यात देशाच्या बहुतेक भागासाठी १ मार्च २०२७ चा शून्य तास हा संदर्भक्षण म्हणून दिला आहे. वह्यांच्या जागी मोबाइल आले तरी हा क्षण ठरवणे चुकत नाही.

आज्ञावलीतही हेच दोन मार्ग आहेत. एक तर फेरी निघण्याच्या क्षणी संग्रहाची प्रत काढायची आणि प्रतीवर फिरायचे. मूळ यादी मग कितीही बदलो, आपले उत्तर त्या क्षणाचे. संग्रह लहान असेल तर हे सर्वांत सोपे. शिष्यवृत्तीच्या पाच नावांसाठी आम्ही हेच करू. दुसरा मार्ग पुरवणी फेरीचा : पहिल्या फेरीत कोणालाही काढायचे नाही, काढायच्या नावांची फक्त वेगळी टिपणी करायची, आणि फेरी संपल्यावर त्या टिपणीप्रमाणे यादी दुरुस्त करायची. जावाने तिसरीही सोय केली आहे. काढायचे काम इटरेटरकडेच सोपवायचे. जो फिरतो आहे त्यानेच नाव काढले तर यादी सरकली हे त्याला कळते, आणि तो आपली जागा सांभाळून घेतो. शेवटाकडून सुरुवातीकडे फिरणे हीही एक जुनी युक्ती आहे. काढलेल्या नावामागची सरकतात, पण ती आधीच पाहून झालेली असतात. युक्ती चालते, पण ती यादीवरच चालते. संग्रहाची रचना बदलली की गेली, म्हणून वर्ग लिहिणाऱ्याने तिच्यावर विसंबू नये.

ही कल्पना कोणाची?

मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे बार्बरा लिस्कोव्ह आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९७० च्या दशकात क्लू नावाची भाषा तयार केली. तिच्यात इटरेटर हा भाषेचाच एक भाग होता. संग्रह लिहिणाराच फेरी कशी मारायची ते सांगतो आणि वापरणारा फक्त ‘प्रत्येकासाठी’ एवढेच म्हणतो, ही मांडणी तेथे स्पष्ट झाली. लिस्कोव्ह यांना २००८ चे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. १९९४ मध्ये गॅमा, हेल्म, जॉन्सन आणि व्लिसिडीस या चौघांच्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या पुस्तकात २३ रचनांची ओळख करून दिली गेली. इटरेटर त्यांतील एक. जावाच्या १९९६ च्या पहिल्या आवृत्तीत या कामाला ‘एन्युमरेशन’ असे नाव होते. प्रगणकाला इंग्रजीत एन्युमरेटर म्हणतात, हे आठवले की आमची उपमा फारशी ओढूनताणून आणलेली नाही, असे वाचकांना पटेल. १९९८ मध्ये जावात इटरेटर हे नाव आले.

क्लूमधील आणखी एक सोय पुढे पायथनने २००१ मध्ये घेतली. जिल्ह्यातील सगळी गावे तालुकावार द्यायची आहेत, असे समजा. हजाराहून अधिक गावे, आणि ‘कुठवर आलो’ याला आता दोन आकडे लागतात : तालुका कितवा आणि त्यातील गाव कितवे. एका तालुक्याची गावे संपली की पहिला वाढवायचा, दुसरा शून्य करायचा, एखादा तालुका रिकामा निघाला तर त्यालाही ओलांडायचे. हे हाताने लिहिताना चुका होतात. त्याऐवजी नेहमीसारख्या एकात एक दोन फेऱ्या लिहायच्या आणि आतमध्ये ‘हे गाव दे आणि इथेच थांब’ अशी एकच आज्ञा घालायची. पुढचे गाव मागितले की काम थांबलेल्या जागेपासूनच पुढे सुरू होते. जागा लक्षात ठेवण्याचे ओझे संगणकाने उचलले. या आज्ञेला यील्ड म्हणतात. मात्र अशी फेरी एकदा संपली की संपली. तीच फेरी दुसऱ्यांदा वापरायला गेलात तर एकही गाव मिळणार नाही, आणि कुरकूरही ऐकू येणार नाही. नवी फेरी जिल्ह्याकडूनच मागून घ्यायची.

यादीच नसेल तर?

आतापर्यंत आपण धरून चाललो की संग्रह कुठे तरी ठेवलेला आहे. पण प्रगणकाला पुढच्या घराची वाट माहीत असेल तर गावाचा नकाशा आधी पूर्ण हवाच असे नाही. एका ओळीवरून पुढची ओळ बनवता येत असेल तर सगळ्या ओळी साठवायच्या कशाला? याचे सुंदर उदाहरण आपल्या वृत्तशास्त्रात आहे, आणि मराठीच्या शिक्षकांना ते गणिताच्या शिक्षकांपेक्षा लवकर कळेल.

तीन अक्षरांचे लघु-गुरूचे सर्व प्रकार आठ. तेच आपले गण. पिंगलाच्या छंदःशास्त्राच्या परंपरेत ते क्रमाने लिहिण्याची जी रीत आहे तिला प्रस्तार म्हणतात. केदारभट्टाच्या वृत्तरत्नाकरातही ती दिली आहे. सुरुवात सगळ्या गुरूंनी करायची. पुढची ओळ अशी : डावीकडून जो पहिला गुरू भेटेल त्याच्या खाली लघु लिहायचा, त्याच्या उजवीकडचे जसेच्या तसे उतरवायचे, आणि डावीकडे सगळे गुरू भरायचे. गुरूसाठी ‘गा’ आणि लघूसाठी ‘ल’ लिहिले तर :

गा गा गा — म
ल गा गा — य
गा ल गा — र
ल ल गा — स
गा गा ल — त
ल गा ल — ज
गा ल ल — भ
ल ल ल — न

शेवटच्या ओळीत गुरूच नाही, म्हणून पुढची ओळ निघत नाही. हेच ‘संपले’. पूर्ण इटरेटर येथे आहे : आरंभ, पुढचा, आणि शेवटाची खूण. जवळ ठेवायची फक्त एक ओळ. शार्दूलविक्रीडिताच्या चरणात १९ अक्षरे असतात. तेवढ्या अक्षरांचे सगळे प्रकार ५,२४,२८८ होतात. ते सर्व आधी लिहून ठेवून मग एकेक वाचणारा विद्यार्थी आणि १९ खुणांची एकच ओळ बदलत नेणारा विद्यार्थी, दोघांचे उत्तर एकच येईल. वह्या मात्र सारख्या लागणार नाहीत.

या शास्त्रकारांनी आणखी एक गोष्ट केली. मधल्या ओळी न लिहिता एकदम पाचवी ओळ हवी असेल तर? त्या रीतीला नष्ट म्हणतात. संख्या सम असेल तर ‘ल’ लिहून निम्मी करायची. विषम असेल तर ‘गा’ लिहायचा, एक मिळवून निम्मी करायची. पाच विषम, म्हणून गा, उरले तीन. तीन विषम, म्हणून गा, उरले दोन. दोन सम, म्हणून ल. गा गा ल, म्हणजे त-गण, आणि वरच्या यादीत पाचवा तोच आहे. सी प्लस प्लसमध्ये अलेक्झांडर स्टेपानोव यांनी मांडलेल्या आणि १९९४ मध्ये त्या भाषेच्या प्रमाणात स्वीकारल्या गेलेल्या ग्रंथालयात इटरेटरांचे असेच प्रकार केले आहेत : नुसते पुढे जाणारे, पुढे-मागे जाणारे, आणि हव्या त्या जागी एकदम उडी घेणारे. प्रस्ताराची रीत पहिल्या प्रकारची, नष्टाची शेवटच्या. ओळीवरून तिचा क्रमांक काढण्याच्या रीतीला उद्दिष्ट म्हणतात.

वर्गात करून पाहायचे तर चार अक्षरांचा प्रस्तार घ्यावा. एका विद्यार्थ्याने फळ्यावर फक्त एक ओळ ठेवायची. ‘पुढचा’ म्हटले की ती पुसून नवी लिहायची. दुसऱ्याने त्याच वेळी दुसऱ्या फळ्यावर आपली स्वतंत्र फेरी, दोन-चार ओळी मागे राहून, चालवायची. सोळा ओळी झाल्या की कोणी तरी सतरावी मागेल. तेव्हा फळ्याजवळच्या विद्यार्थ्याने काय म्हणावे, यावर वर्गाचे मत घ्यावे : ‘नाही’ म्हणावे, गप्प बसावे, की पुन्हा गा गा गा गा पासून सुरुवात करावी? तिन्ही बाजूंनी बोलणारे निघतात. आम्ही ज्या वर्गांत हे केले तेथे तिसऱ्या बाजूचे लोक बहुधा हरतात, पण लोणारच्या कडेवरचे दगड त्यांनी वाचलेले असतील तर वाद लांबतो.